हातचे पाच

गणिताविरुद्ध अर्ज करायचा, हे दिगंबररावांनी एका गुरुवारी ठरवलं. गुरुवारी त्यांचा उपास असे, आणि उपासाच्या दिवशी लिहिलेला मसुदा वरून परत येत नाही, असा अठरा वर्षांच्या सरकारी नोकरीतला त्यांचा अनुभव होता. कचेरीत ते हेडक्लार्क होते, आणि सारं बऱ्हाणपूर त्यांना मसुद्यांसाठी ओळखायचं. लोधीपुऱ्यात कुणाच्या दारची मोरी तुंबो की कुणाच्या भावाची बदली होवो, लोक आधी दिगंबररावांच्या ओट्यावर येत. ते चष्मा पुसत, विषय ऐकून घेत आणि असा काही अर्ज लिहीत की साहेबाला नाही म्हणायला शब्दच सापडू नये. या हाताने आजवर एक चूक केलेली नाही, असं ते उजवा हात पुढे करून सांगायचे. लोकही त्या हाताकडे आदराने बघायचे.

झालं होतं असं, की त्यांची मुलगी उषा नववीच्या तिमाही परीक्षेत गणितात नापास झाली होती. पन्नासपैकी सहा. बाकी सगळ्या विषयांत पोरगी पहिली. लहानपणापासून उशा ओळीने मांडून त्यांना शिकवायची, मोठेपणी मास्तरीण व्हायचं म्हणायची, आणि आता प्रगतिपुस्तक देवासमोर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"अहो, पोरगी कालपासून जेवली नाही," शारदाबाई म्हणाल्या. "तुम्ही काही बोला तरी."

दिगंबररावांनी पेपर हातात घेतला. पहिल्याच पानावर एक त्रिकोण होता. त्या त्रिकोणाकडे बघताच त्यांनी पेपर पालथा घातला. का घातला, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तुमच्यापासून काय लपवायचं! दिगंबरराव स्वतः मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या वर्षी काठावर सुटले. ही दोन वर्षं कुठे गेली, असं सासरेबुवांनी लग्नाच्या बोलणीत विचारलं, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, "विषमज्वर. लागोपाठ दोन उन्हाळे." तेव्हापासून शारदाबाई दर उन्हाळ्यात त्यांना न विसरता गुळवेलीचा काढा देत होत्या, आणि ते तो निमूट पीत होते.

तर असा हा माणूस. आपल्या वाट्याला आलं ते पोरीच्या वाट्याला येतंय, या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला. "रडू नकोस," ते म्हणाले. "तुझं गणितच काढून टाकतो."

दात काढून टाकतो म्हणावं, तसं म्हणाले ते.

पहिला अर्ज साधा होता. कन्येस गणिताऐवजी गृहविज्ञान घेऊ द्यावं, एवढीच विनंती. पण तो तेव्हाच्या राजधानीच्या, नागपूरच्या, टपालपेटीत पडायच्या आत शेजारच्या गजाननरावांनी वाचला. गजाननरावांचं सुताचं दुकान होतं, पण ते मुख्यतः सल्ला देत.

"एकट्या पोरीचा अर्ज?" ते म्हणाले. "अहो दिगंबरराव, तुम्ही सरकारात काम करता ना? एकट्याचा कागद बघतं कोण? सार्वजनिक करा सार्वजनिक. लिहा, की मुलींना हा कठीण विषय सक्तीचाच नको. एकदम कायदाच बदलायचा!"

दिगंबररावांना हे मनापासून पटलं, कारण त्यांनी स्वतः एकट्यांचे शेकडो कागद कपाटात घातले होते. त्यांनी नवा मसुदा केला. त्यात 'कोमल मन' हा शब्द चारदा आला आणि 'राष्ट्रउभारणी' दोनदा. नागपूरहून वीस दिवसांत उत्तर आलं, की सार्वजनिक मागणीला किमान अडीचशे पालकांच्या सह्या लागतात.

"बघा!" गजाननराव म्हणाले. "'नाही' तर म्हणाले नाहीत!"

एक गोष्ट मात्र दिगंबररावांनी सरळपणाने केली. मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे अनंत मास्तर दोन घरं सोडून राहत आणि रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहाला येत. दिगंबररावांनी त्यांना अर्ज वाचून दाखवला. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकला, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "भाषा उत्तम आहे. करा तुम्ही. फक्त मला सही मागू नका." दुसऱ्या दिवशीही ते नेहमीच्या वेळी चहाला आले.

सह्यांचं काम किती अवघड, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. लोधीपुऱ्यात पहिल्या आठवड्यात नव्वद झाल्या. कुणी गणिताच्या रागाने दिली, कुणी दिगंबररावांच्या भिडेखातर. एका गृहस्थाने नळाच्या तक्रारीचा अर्ज समजून दिली आणि पाणी कधीपासून येईल ते विचारलं. पुढे गाडी अडली. मग गजाननरावांनी सुचवलं, की तापीपलीकडे जैनाबादला जावं. तिथल्या पोरी शाळेत नसल्या म्हणून काय झालं, आज ना उद्या येतीलच की!

आश्विनातल्या एका रविवारी दिगंबरराव कागदांची चळत घेऊन नावेत बसले. शाईचं पॅड धरायला उषाला बरोबर घेतलं होतं. नावाड्याचा अंगठा त्यांनी पाण्यातच घेतला.

पलीकडे सोजरबाईच्या मळ्यात केळी लावायचं काम चाललं होतं. सोजरबाई म्हणजे चाळीस बायांचं काम एकटीने हाकणारी बाई, आणि तिचा अंगठा पडला की मागचे सगळे पडतात, असं गजाननरावांनी सांगून ठेवलं होतं. ती हातात गाठी मारलेला लांब दोर घेऊन शेताच्या कोपऱ्यात उभी होती.

"थांबा भाऊ, एवढा कोपरा होऊ द्या," ती म्हणाली.

दिगंबरराव बांधावर रुमाल अंथरून बसले. उषा मात्र दोराजवळ जाऊन उभी राहिली. "मावशी, या गाठी कशाला?"

"अवं माय, कोपरा गुन्यात, सरळ बसाले नको का? कोपरा वाकडा गेला का सारा मळा वाकडा. हे बघ, या अंगाले तीन गाठी मोज, खुंटी ठोक. त्या अंगाले चार गाठी मोज, खुंटी ठोक. आता दोघींच्या मधात दोर तान. पाच गाठी भरल्या का कोपरा सरळ. कमीजास्त भरल्या का समज वाकडा हाय."

"दर वेळी पाचच भरतात?"

"माही सासू करे, तिची सासू करे. पाचच भरतात."

उषाने बोटावर काहीतरी मोजलं. नऊ. सोळा. पंचवीस. पुन्हा मोजलं. मग ती एकदम खाली बसली आणि मातीतल्या त्या तीन खुंट्यांकडे बघत राहिली. पेपरच्या पहिल्या पानावरचा त्रिकोण तिच्या पायाशी पडला होता, आणि त्याला कुणीही घाबरत नव्हतं.

"उषा, शाई!" दिगंबरराव ओरडले.

"कसाचा अंगठा हाय, भाऊ?" सोजरबाईने विचारलं.

"शाळेत मुलींना गणित नको, म्हणून."

"गनित म्हंजे?"

"म्हणजे आकृत्या, मोजमाप, असलं कठीण कठीण."

"मंग बरंच हाय. आमाले कुठं येतं ते," सोजरबाई म्हणाली. दोर गुडघ्याखाली ताणून धरत तिने चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि अंगठा उमटवला. मागोमाग चाळीस जणींनी उमटवले. दिगंबरराव कृतार्थ मनाने उठले.

परतताना नावेत उषा म्हणाली, "बाबा, एक सांगू? मला ना, ते आता..."

"कागद ओले करू नकोस," दिगंबरराव म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर सगळी पानं जमली आणि दिगंबरराव बेरजेला बसले. घरात चकलीचा घाणा चालू होता. त्यांनी शेजारच्या कागदावर आकडे मांडले, एकं जमवले, हातचे पाच समासात लिहून ठेवले आणि मनातही धरले. तेवढ्यात खिडकीतून गजाननरावांचा आवाज आला, की सह्या पेन्सिलीच्या चालत नाहीत बरं का. आता आली का पंचाईत! दिगंबरराव धावत बाहेर गेले, पाऊण तास वाद घातला, आत आले, समासातले हातचे पाच बघितले आणि बेरीज पुरी केली. दोनशे त्रेसष्ट! अडीचशेच्या वर तेरा. त्यांनी तो आकडा अक्षरी लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि शारदाबाईंना एक चकली मागितली.

अर्ज रजिस्टर पोस्टाने नागपूरला गेला आणि त्याच आठवड्यात नागपूर परकं झालं. हे मी विनोदाने सांगत नाही. छप्पन्न सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि आपली राजधानी भोपाळ झाली. अठरा वर्षं ज्या गावाचा पत्ता दिगंबरराव डोळे मिटून लिहीत होते, त्या गावाने त्यांचा लिफाफा पाच शिक्के मारून परत पाठवला. आत एक चिटोरं होतं, की सदर विषय आता आमच्याकडील नाही. दिगंबररावांनी ते चिटोरं दोन दिवस खिशात वागवलं. सोयरीक मोडल्याचं दुःख असतं, तसं ते होतं.

"आता भोपाळ," गजाननराव म्हणाले, "आणि हिंदीतून. सह्यांची पानं तीच ठेवा, वरचा कागद बदला. चलेगा."

दिगंबररावांची हिंदी कचेरीत शिपायाशी बोलण्यापुरती होती. म्हणून मजकूर त्यांनी सांगितला आणि हिंदीत उतरवायला उषाला बसवलं. तिने अर्धं पान लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली.

"बाबा, सच सांगू? हा अर्ज नाही पाठवला तर?"

"नाही पाठवला तर?" दिगंबरराव थक्कच झाले. "अगं, हा आता तुझा-माझा प्रश्न राहिला आहे का? दोनशे त्रेसष्ट लोक मागे उभे आहेत! तू लिही. 'कोमल मन'ला हिंदीत काय म्हणतात?"

"कोमल मनच म्हणतात," उषा म्हणाली, आणि तिने खाली मान घालून उरलेलं पान पुरं केलं.

त्याच संध्याकाळी तिने सहामाहीचं प्रगतिपुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. दिगंबरराव तेव्हा लिफाफ्याला लाख लावत होते. कुठे सही करायची ते त्यांनी विचारलं, तिने बोट ठेवलं, आणि त्यांनी वर न बघता झोकदार सही ठोकली. न वाचता सही करणं हा कचेरीत दोष मानत नाहीत, वेग मानतात. उषा थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग पुस्तक उचलून आत गेली.

फेब्रुवारीत हुकूम आला. दोनशे त्रेसष्ट पालकांची तीव्र भावना ध्यानी घेऊन सदर शाळेत गणित बंद करण्यात येत आहे. पुढच्या सोमवारपासून अंमल. गणिताच्या शिक्षकाची गरज उरत नसल्याने त्यांनी धूलकोटच्या शाळेत रुजू व्हावं.

दिगंबररावांनी शेवटचं वाक्य वाचलं, पण तेवढ्यात ओट्यावर माणसं जमली. गजाननरावांनी मावा जिलबी आणली. "अठरा वर्षं आपण ओरडत होतो, दिगंबररावांनी करून दाखवलं," असं ते म्हणाले. कुणी काय ओरडत होतं, ते त्यांनाच ठाऊक. दिगंबररावांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. त्यांनी हात जोडून सांगितलं, की हे यश माझं नाही, मसुद्याचं आहे.

माणसं गेली. शारदाबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि दाराशीच थांबल्या.

"अहो, पोरगी जेवत नाही."

"आता काय झालं?"

"मला काय विचारता? तिला विचारा. आजवर तेवढंच राहिलंय तुमचं."

उषा भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिमाहीच्या वेळी बसली होती तशीच. दिगंबरराव हार गळ्यात घेऊनच तिच्याजवळ गेले. तिने काही न बोलता प्रगतिपुस्तक उघडून पुढे केलं. गणित, पन्नासपैकी अडतीस. वर्गात पहिली. खाली पालकांची सही.

"ही सही कुणाची आहे, बाबा?"

"माझी," दिगंबरराव म्हणाले.

"मला गणित यायला लागलं होतं. मला आवडायला लागलं होतं. जैनाबादला, त्या दोरापासून. मी तुम्हाला नावेत सांगणार होते. अर्ज लिहितानाही सांगणार होते." आता तिला रडू आलं. "साऱ्या गावाच्या सह्या घेतल्या तुम्ही. मला एकदाही विचारलं नाही."

दिगंबररावांनी गळ्यातला हार काढला, तो कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना, आणि शेवटी तो त्यांनी खुंटीवरच्या छत्रीला अडकवला.

अनंत मास्तर नेहमीच्या वेळी चहाला आले. धूलकोटला राहायची सोय होईल म्हणाले, हवाही चांगली आहे म्हणाले. त्यांच्या शांतपणाने दिगंबररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मास्तर, मी चुकलो," ते म्हणाले. "ही पोरगी मास्तरीण होणार होती. गणिताशिवाय तिला ट्रेनिंगला कोण घेईल?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "पण हुकूम मागे घेता येत असेल की. तुम्हीच सांगा, त्यातले तुम्ही जाणकार."

"हुकूम मागे येत नसतो," दिगंबरराव खिन्नपणे म्हणाले. "एकच वाट असते, मूळ अर्जात ढळढळीत खोट निघाली तर. आणि माझ्या अर्जात खोट..." सवयीने त्यांचा उजवा हात पुढे झाला. तो त्यांनी मागे घेतला.

उषाने डोळे पुसले आणि ट्रंकेतून अर्जाची नक्कल काढली. पानं उलटत ती मनाशी मोजत गेली. "सोळा पानांवर तेरा तेरा सह्या. सतराव्यावर पाच," ती म्हणाली. "सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि पाच, त्रेपन्न. तीन मांडले, हातचे पाच. सोळा एके सोळा, आणि हातचे पाच, एकवीस." ती थांबली. "बाबा, हे दोनशे तेरा होतात."

"शक्य नाही," दिगंबरराव म्हणाले आणि स्वतः बेरीज करायला बसले. पहिल्यांदा उत्तर एकशे अठ्ठ्याण्णव आलं. दुसऱ्यांदा तीनशेच्या वर गेलं. मास्तरांनी नकलेच्या मागे टोचलेला तो जुना हिशेबाचा कागद बघितला आणि समासावर हळूच बोट ठेवलं.

"हातचे पाच दोनदा धरलेत."

खिडकी, पेन्सिलीच्या सह्या, पाऊण तासाचा वाद, सगळं दिगंबररावांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. लागत होत्या अडीचशे. होत्या दोनशे तेरा. म्हणजे अर्जच बाद, आणि अर्ज बाद तर हुकूमही बाद. वाट सापडली होती. पण ती वाट जायची कुठून? हेडक्लार्कला बेरीज येत नाही, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून, वरिष्ठांना पाठवायचं. कचेरीतून ते वर जाणार, भोपाळला ते वाचलं जाणार, आणि बऱ्हाणपुरात ते संध्याकाळपर्यंत गजाननरावांना कळणार. लोधीपुऱ्यातली पोरंटोरं ओट्यावरून जाताना पाढे म्हणत जातील. अठरा वर्षांची अब्रू, मंडळी! माणसाकडे दुसरं असतं तरी काय?

शारदाबाईंनी दिवा लावला. मग दिगंबररावांनी दौत पुढे ओढली.

तो अर्ज, सांगायला हरकत नाही, भोपाळला अकरा दिवसांत निकाली निघाला. त्या कचेरीत इतक्या लवकर काहीच होत नसे, पण हा कागद म्हणे प्रत्येक टेबलावर अथपासून इतिपर्यंत वाचला गेला. गणित परत आलं आणि अनंत मास्तरही धूलकोटहून परत आले. पाढे म्हणणारी पोरंही दिगंबररावांनी पुढे वर्षभर ऐकली. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी त्यांनी लिहिला तो मसुदा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लहान होता. 'कोमल मन' त्यात नव्हतं.

"विनंती अर्ज," त्यांनी मोठ्याने वाचलं, उषाने हिंदीत उतरवावा म्हणून. "मागील अर्जातील सह्यांची बेरीज चुकलेली आहे. खरा आकडा दोनशे तेरा आहे. चूक सर्वस्वी माझी आहे. मी मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झालेलो असून, त्या विषयाची धास्ती माझी आहे, माझ्या मुलीची नाही. सबब मागील अर्ज रद्द समजून शाळेत गणित पूर्ववत सुरू करावं."

शारदाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"दोनदा नापास?" त्या म्हणाल्या. "आणि तो विषमज्वर?"

"तो गणिताचाच होता," दिगंबरराव म्हणाले.

शारदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकोणीस उन्हाळ्यांचा काढा त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "लिहा पुढे. पोरगी जेवायची राहिलीय."

दिगंबररावांनी खाली सही केली. तिच्याखाली नियमाप्रमाणे एक रकाना होता, एकूण सह्या. त्यात त्यांनी आकडा लिहिला, त्याकडे जरा वेळ बघितलं आणि कागद उषाकडे सरकवला.

"एवढं तपासून दे," ते म्हणाले.

रकान्यात 'एक' असं लिहिलं होतं. उषाने सहीवर बोट ठेवून गंभीरपणे मोजलं.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली, आणि ताटावर जाऊन बसली.